चांदण्या पुसलेलं पुस्तक

आठवणी म्हातारपणी लिहाव्यात, असं म्हणतात. मला ते मान्य नाही. म्हातारपणी माणसाचे दात पडतात, रागही मऊ होतो, मग जो तो सगळ्यांना माफ करत सुटतो. मला माफ करायचं नाही. म्हणून दात शाबूत आहेत तोवर हे प्रकरण लिहून ठेवते.

लातूरला आमचं घर डाळमिलच्या पाठीमागं. पहाटे मिल सुरू झाली की भिंती घुमायला लागायच्या आणि रात्री बंद पडली की कान दुखायचे, इतकी त्या आवाजाची सवय. तुरीची पिवळी भुकटी सगळीकडं: खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, इष्टलिंगाच्या पेटीवरसुद्धा. अप्पा आंघोळ करून, विभूती लावून, तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसले की घरात कुणी बोलायचं नाही. मिल तेवढी बोलायची. पूजा उरकली की अप्पा खाली उतरायचे. खालच्या मजल्यावर आमचा छापखाना. लग्नपत्रिका, मठाची पंचांगं, शाळांची प्रगतिपुस्तकं. शाई आणि रॉकेल यांचा तो वास माझ्या दप्तराला, माझ्या वेणीला, माझ्या भाकरीला यायचा. अव्वा, म्हणजे माझी आई, उदगीरच्या पलीकडची, कर्नाटकाच्या कडेची. ती भाकरीवर तुपाची धार सोडताना 'तुप्प' म्हणायची, आम्ही 'तूप' म्हणायचो, आणि दोन्ही एकाच ताटात सुखानं नांदायचं. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बायकांसाठी मी पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा मी कॉलेजातही गेले नव्हते. 'घागर रिकामी, खुर्ची भरलेली' असा मथळा होता. अप्पांनी ते छापून दिलं आणि म्हणाले, "बाई, लिहितीस ते बरं हाय. पण छापलेलं परत घेता येत न्हाई, एवढं ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. कसं ठेवलं ते पुढं येईलच.

एम.ए.ला नांदेडला गेले. तिथं मराठीचे विभागप्रमुख होते डॉ. वझरकर सर. पांढरा झब्बा, खणखणीत आवाज, आणि बोलताना डोळे मिटायची सवय, जणू शब्द थेट वरून उतरत आहेत. त्यांचा एकच विषय: भाषाशुद्धी. मराठवाड्याची बोली म्हणजे निजामाच्या चपलेखाली तुडवली गेलेली भाषा, असं ते वर्गात म्हणायचे, आणि वर्गात बसलेली भोकरची, देगलूरची, किनवटची पोरं खाली मान घालून ते लिहून घ्यायची. मी लिहून घेत नव्हते. पण तोंडही उघडत नव्हते. हेही सांगितलं पाहिजे.

पहिल्या वर्षी निबंधाला माझं बक्षीस आलं. अव्वा लातूरहून एसटीनं आली. मैत्रिणींसाठी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेले तिळाचे लाडू. सभागृहात पहिल्यांदाच आली होती. खुर्चीच्या कडेवर बसली होती, पूर्ण टेकून नव्हे. बक्षीस घेताना मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, "आज माझी आई बी आली हाय." सरांनी माइक माझ्या हातातून घेतला. "आली हाय नव्हे. आली आहे. म्हणा." मी म्हटलं. "पुन्हा." मी म्हटलं. सभागृह हसायला लागलं होतं. मग सर अव्वाकडं वळले, अगदी गोड आवाजात. "आई, लेकीला शहरात पाठवण्याआधी तिचं तोंड धुऊन पाठवायचं हो." सभागृह फुटलं. अव्वाला काही नीट कळलं नाही. एवढा मोठा माणूस आपल्याशी बोलतोय एवढं कळलं. ती उठून उभी राहिली, हसली, आणि तिनं दोन्ही हात जोडून सरांना नमस्कार केला.

तो नमस्कार मी विसरले नाही. मला हसले ते सोडून दिलं असतं. तो नमस्कार नाही.

राग होता, पण हत्यार नव्हतं. ते मला रझिया मॅडमकडं मिळालं. मॅडम त्याच कॉलेजात उर्दू शिकवायच्या, आणि भाषाशास्त्राचा पेपर कुणी घेत नाही म्हणून तोही त्यांच्याच गळ्यात पडलेला. वर्गात आम्ही चार-पाच जण. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर 'सून' लिहिलं. त्याच्या शेजारी संस्कृतातलं स्नुषा, लॅटिनमधलं नुरुस, रशियनमधलं स्नोखा. मग 'दीर' लिहिलं: संस्कृतात देवर, ग्रीकात दाएर, रशियनात देवेर. बैलाच्या मानेवरचं 'जू': संस्कृतात युग, लॅटिनात युगुम. आणि म्हणाल्या, "ही सगळी नातवंडं. आजी कुणी बघितली नाही. नातवंडांची नाकं बघून आजीचं नाक काढायचं, हे आपलं काम." मी तेव्हा हसले होते. पण एक महिनाभर त्या हेच करत राहिल्या, एका शब्दावर नव्हे, शब्दांच्या रांगांच्या रांगांवर. एक ध्वनी इथं बदलला तर त्या भाषेतल्या दुसऱ्या शब्दांतही तसाच बदलला पाहिजे. नाही तर तो योगायोग. माझ्या घरातली सून आणि दीर, माझ्या मामाच्या शेतातलं जू, हे सगळं हजारो वर्षांच्या वाटेनं आलंय आणि ती वाट मोजता येते, हे कळलं त्या दिवशी मी होस्टेलपर्यंत चालत गेले. रिक्षात बसायचं सुचलंच नाही.

मॅडमचा एक नियम होता. काढलेल्या आजीच्या आधी एक चांदणी काढायची. *स्नुसोस्. त्या छोट्या चांदणीचा अर्थ: हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, कुठं लिहिलेला सापडलेला नाही, आम्ही हिशेबानं बसवलाय, उद्या चुकूही शकतो. एकदा मी घाईत चांदणी विसरले, तर मॅडमनी पान परत दिलं. "चांदणी नाही तर ते शास्त्र नाही, थाप आहे. नक्को मेरेकू ऐसा पेपर." दुसरा नियम: तुलना करण्याआधी उसने शब्द बाजूला काढायचे. शेजाऱ्याकडून घेतलेला शब्द रक्ताचा नातेवाईक नसतो. तूप, अव्वा, अक्का हे आमच्याकडं कानडीच्या अंगणातून आलेले. त्यांना या झाडावर चढवायचं नाही, त्यांचं झाड वेगळं आणि तेवढंच मोठं. आणि मग त्यांनी मिस्किल चेहऱ्यानं 'हप्ता' लिहिलं. तो निजामाचा, फारसीचा, सरांच्या मते विटाळ. "हफ्त म्हणजे सात. आपला सात आणि तो हफ्त एकाच आजीचे. एक सरळ घरी आला, दुसरा इराणवरून फिरून आला. उशिरा आला म्हणून काय त्याला दारात उभं करायचं?" त्यांच्या गच्चीवर खिचडी आणि चिंचेचा खट्टा खाताना मी हे ऐकलं. आजही खिचडी-खट्टा समोर आला की मला इराण आठवतो.

मॅडमचे हे तक्ते विभागाच्या फलकावर लावलेले असायचे. वझरकर सर येता-जाता ते बघायचे. मी एम.ए. करून लातूरला परतले, छापखान्यात बसायला लागले, त्याच्या पुढच्या वर्षी सर आमच्या दारात उभे. माझ्याकडं बघून त्यांनी ओळखीचं हसूसुद्धा दिलं नाही. मारणारा विसरतो. लातूरला त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन ठरलं होतं आणि आमची छपाई स्वच्छ म्हणून कुणीतरी आमचं नाव सांगितलं होतं. पुस्तकाचं नाव 'आदिवाणी'. मानवजातीचे मूळ शुद्ध शब्द, रोज सकाळी पठण करण्यासाठी. किनवटकडच्या एका निवासी शाळेत पहिला प्रयोग आधीच सुरू होता: झेरॉक्स प्रती वाटल्या होत्या, आणि जी मुलगी वसतिगृहात घरची बोली बोलेल तिनं उभं राहून आदिशब्द म्हणायचे. तिथल्या मुली घरी गोंडी बोलतात, लमाणी बोलतात. सरांनी हे स्वतःच अभिमानानं अप्पांना सांगितलं. प्रकाशनानंतर जिल्ह्यातल्या सगळ्या निवासी शाळांत हाच पाठ जाणार होता.

प्रूफ माझ्या हातात आलं. पहिल्याच पानावर स्नुसोस्. खाली दाएवेर्, युगोम्, सेप्तम्. मॅडमचे तक्ते, ओळीनं. चांदण्या मात्र एकही नाही. मी सरांच्या हस्तलिखितात बघितलं. तिथं त्या होत्या, आणि प्रत्येकीवर लाल पेनानं काट मारलेली. समासात सरांचाच शेरा: 'तळटीप कुठेही नाही. अनावश्यक खुणा काढाव्यात.' त्यांना वाटलं होतं, ती तळटिपेची खूण आहे. पानाखाली टीप सापडली नाही, म्हणून खूण पुसली! इतक्या वर्षांत त्या माणसानं कुणाला विचारलं नव्हतं की ही चांदणी कशाची. बाईला, त्यातून उर्दू शिकवणाऱ्या बाईला, कसं विचारणार? आणि पुढच्या पानावर तर सरांनी स्वतःचीही भर घातली होती. तूप. मूळ 'तुप्', म्हणजे चकाकणे. माझ्या अव्वाच्या तुप्पाला पकडून त्यांनी जबरदस्तीनं मुंज लावली होती.

मी हसले. मोठ्यानं. अप्पांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, आणि म्हणाले, छापा तसंच. अप्पांचा चेहरा उतरला. आमच्या छापखान्याचा एक रिवाज आहे. प्रूफात चूक दिसली तर प्लेट काढायच्या आधी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. फोनवर नाही, चिठ्ठी नाही, तोंडावर. गिऱ्हाइकानं ऐकलं नाही तर त्याची मर्जी. पण न सांगता छापलं तर पुस्तकाच्या शेवटी आमचं नाव टाकायचा आम्हाला हक्क नाही. अप्पा म्हणाले, "तुजं वैर तुज्यापाशी. माज्या छापखान्याचं नाव त्या पुस्तकावर हाय. जा नांदेडला आन् सांगून ये."

मी गेले. एसटीत बसल्या बसल्या मनाशी ठरवत गेले. लोकांनी मला नंतर विचारलंय की हे मुद्दाम केलंस का. हो. मुद्दाम केलं. सरांच्या खोलीत शिरले, प्रूफ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सर, लई मोठी गडबड हाय बगा. ह्या चांदण्या काडू नगा. ह्ये शब्द कुनी ऐकल्याले न्हाईत, अंदाजानं बशिवल्यात, त्याची खून हाय ती. आन् ते तूप तर कानडीतलं हाय, त्येला हितं घालू नगा."

शब्द न् शब्द खरा होता. एम.ए.ला मी पहिल्या वर्गात आले होते; मला दुसरी मराठी येत होती, चांगली येत होती. मी ती घरी ठेवून आले होते.

सरांनी डोळे मिटले. "कोण तुम्ही?"

"छापखान्याची हाय मी. लातूरची."

"छापखान्यानं छपाई करावी, बाई. व्युत्पत्ती आमच्यावर सोडा. आणि मोठ्या माणसाच्या खोलीत बोलताना निदान 'आहे' म्हणायला शिका."

"बरं सर. म्हंजे तसंच छापू?"

"तसंच. एक अक्षर बदलायचं नाही."

त्यांनी प्रूफावर सही केली. मी बाहेर पडून कॅन्टीनमध्ये चहा प्याले. तसा चहा मी त्याआधी प्याले नव्हते, नंतरही नाही.

प्रकाशनाला लातूरचं सभागृह भरलं होतं. शिक्षक, संस्थाचालक, पत्रकार. रझिया मॅडमनाही मी बोलावलं होतं. त्या मागच्या रांगेत होत्या. किनवटकडच्या त्या शाळेच्या मुली पांढऱ्या-निळ्या गणवेशात रांगेनं उभ्या केल्या आणि त्यांनी हात जोडून, डोळे मिटून म्हटलं: "स्नुसोस्, दाएवेर्, युगोम्..." चालही लावली होती. एक बारकी मुलगी मध्येच अडकली तर तिच्या बाईनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केलं. सर म्हणाले, हे मानवजातीचे पहिले उच्चार. टाळ्या. मग विचारलं, कुणाला काही शंका? मी उभी राहिले.

"आदरणीय सर, आपल्या ग्रंथाच्या प्रथम पृष्ठावरील 'स्नुसोस्' हा शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या शिलालेखात अथवा कोणाच्या मुखात आढळतो, हे कृपया सांगावे."

एक हाय नाही, एक न्हाई नाही. सरांना सुरुवातीला बरंच वाटलं असावं. "हा ऋषिमुखातला शब्द आहे," ते म्हणाले. "कोणत्या ऋषींच्या?" मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग मी सावकाश सांगितलं. की हा शब्द आजवर कोणीही ऐकलेला नाही. की अभ्यासकांनी सून, नुरुस, स्नोखा शेजारी ठेवून तो अनुमानानं उभा केला, आणि प्रामाणिकपणे त्याच्या आधी तारका ठेवली. की ती तारका सरांनी तळटीप समजून स्वहस्ते काढली, आणि जगातल्या एका सुंदर अंदाजाला मंत्र करून लहान मुलींना शिक्षा म्हणून म्हणायला लावलं. की तूप कानडी आहे. की ज्या हप्त्याला सर विटाळ म्हणतात तो त्यांच्या शुद्ध साताचा सख्खा चुलतभाऊ आहे. आणि सर्वांत शेवटी, की हे तक्ते ज्यांचे आहेत त्या बाई मागच्या रांगेत बसल्या आहेत आणि पुस्तकात त्यांचं नाव कुठंही नाही. माना मागं वळल्या. मॅडमनी पदर डोक्यावर ओढला. सर माइकशी उभे होते. डोळे उघडे होते. मुलींपैकी दोघी-तिघी हसल्या आणि त्यांना कुणी दटावलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या शाळांनी पुस्तक नाकारल्याची बातमी आली.

मॅडम मात्र खूश नव्हत्या. बाहेर पायऱ्यांवर म्हणाल्या, "मी तुला चाळणी दिली होती, बेटी. तू तिची काठी केलीस." मी म्हटलं, "काठीच पाहिजे होती, मॅडम." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला की ढकललं, मला अजून कळलेलं नाही.

त्याच आठवड्यात सर छापखान्यात आले. झब्बा चुरगळलेला. अप्पांनी उठून, हात जोडून "शरणार्थ, या सर" म्हणून खुर्ची दिली. सरांना अप्पांकडून लिहून पाहिजे होतं: चांदण्या मुद्रकाच्या चुकीनं गळल्या. दोन ओळी. किनवटच्या शाळेनं अजून पाठ बंद केला नव्हता; हे पत्र मिळालं तर चांदण्या घालून दुसरी आवृत्ती काढता येईल, पठण चालू राहील, नावही राहील. आणि अप्पा, माझे अप्पा, पेन शोधायला लागले! माणूस बुडतोय तर हात द्यावा, एवढाच त्यांचा हिशेब. मी पेन काढून घेतलं.

"मुद्रकाची चूक न्हाई. मुद्रकानं तोंडावर येऊन सांगितलं हुतं. तुमची सही हाय आमच्यापाशी."

सरांनी मला नीट बघितलं, पहिल्यांदाच. "तू? सभागृहात बोलली ती तूच ना? तुला येत होती की ती भाषा! मग माझ्या खोलीत का नाही बोललीस तशी? तशी बोलली असतीस तर मी ऐकलं असतं."

"म्हाईत हाय," मी म्हणाले. "म्हणूनच न्हाई बोलले."

मिल घुमत होती. अव्वा वरून चहा घेऊन आली. हे सर कोण, हे तिनं ओळखलं की नाही, तिनं कधी सांगितलं नाही. त्यांनी चहा घेतला नाही. ते गेल्यावर अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तुला सांगाया धाडलं हुतं, बाई. ऐकू जाईल असं सांगाया." मला ते लागलं. अजून लागतं. पण लागलं म्हणून चुकलं, असं मी मानत नाही, आणि कुणी मानायला लावू नये.

संध्याकाळी मी एकटीनं प्लेट काढली. साधं एका बाजूचं पत्रक. मथळा: 'चांदणी कुणी पुसली?' खाली सरांच्या लाल काटांचं पान, त्यांचा शेरा, त्यांची सही, जशीच्या तशी. त्याखाली मॅडमचं नाव. आणि एक ओळ पालकांसाठी: तुमच्या लेकीची बोली शिक्षेला पात्र नाही. मशीनवर कागद लावत होते तर अव्वा जिन्यात येऊन उभी राहिली. तिनं मथळा वाचला, कागदांचा ढीग बघितला, आणि तिच्या कानडीतच 'पुरे' म्हणाली.

"साकु ग. बास झालं आता. तो माणूस संपला."

"माणूस संपला, अव्वा," मी म्हटलं आणि बटण दाबलं. "किनवट राहिलंय."